काळीज तपासावे किंवा कसे

भाऊसाहेबांचा कुत्रा जेवण झाले की भिंतीला डोके लावून उभा राहत असे, आणि भाऊसाहेबांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. पाळीव प्राणी कल्याण विभागात हेडक्लार्क म्हणून त्यांची हयात गेली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर भिंतीकडे बघत बसणारे जीव ते रोज पाहत आले होते, आणि त्यांतल्या दोघांना तर त्यांच्या डोळ्यांदेखत बढती मिळाली होती.

कुत्र्याचे नाव बटण. मूठभर जीव, पण दाराची बेल वाजली की असा भुंकायचा की आलेला माणूस दोन पावले मागे सरायचा, आणि दार उघडल्यावर भुंकणारा नक्की आहे कुठे ते शोधत राहायचा. भाऊसाहेबांना मूलबाळ नव्हते. ऑफिसातून आल्यावर ते बूट काढायच्या आधी बटणला उचलून घेत, दिवसभरात कोणकोणती फाइल कुठे अडली ते त्याच्या कानात सांगत, आणि बटण ते मनापासून ऐके. एवढे ऐकून घेणारे त्यांना ऑफिसात कुणी नव्हते, आणि घरात तर नव्हतेच.

"अहो, हा बघा परत उभा राहिलाय," बायको म्हणाली. "आणि आज गोल गोल पण फिरत होता."

"विचार करत असेल."

"कुत्रा कसला विचार करतोय?"

"मग जेवण जिरवत असेल. तू उगाच काहीतरी मनात घेतेस."

पण बायकोने मनात घेतलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचते, असा त्या घरचा शिरस्ता होता. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी बटणला पत्र्याच्या टेबलावर ठेवले, पोट चाचपले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारले, "जेवल्यावर सुस्त होतो?"

"हो."

"एकटक शून्यात बघतो? हाक मारली तर ओळख दाखवत नाही? उगाच फिरत राहतो, आणि पोचत कुठेच नाही?"

"डॉक्टर," भाऊसाहेब म्हणाले, "ही तुम्ही आमच्या ऑफिसची लक्षणं सांगताय."

"तुमच्या ऑफिसवर माझ्याकडे औषध नाही. याच्यावर असू शकतं." त्यांनी कागदावर एक पोट काढले, त्यात एक यकृत काढले, आणि एक वाकडी रेघ मारली. "पोटातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत त्यातली घाण काढतं आणि मग ते पुढे सोडतं. काही लहान जातीच्या कुत्र्यांत जन्मापासूनच एक शीर चुकीची असते. ती रक्ताला यकृताच्या बाहेरून परस्पर पुढे नेते. मग घाण सरळ डोक्यात जाते. जेवल्यावर जास्तच."

भाऊसाहेबांनी त्या वाकड्या रेघेकडे पाहिले. "म्हणजे फाइल हेडक्लार्ककडे न येता परस्पर साहेबांच्या टेबलावर जाते."

"तसं समजा."

"अरे बापरे," भाऊसाहेब म्हणाले. आता कुठे त्यांना आजाराचे गांभीर्य पटले.

डॉक्टरबाईंनी सांगितले, उद्या उपाशी पोटी आणा. एकदा रक्त घेऊ, मग थोडे खायला घालू, आणि पुन्हा एकदा घेऊ. दोन्ही आकडे हातात आले की चित्र स्पष्ट होईल. तोवर मांस बंद, अंडी बंद, हलके खाणे थोडे थोडे द्या. यात न समजण्यासारखे काही नव्हते आणि प्रकरण तिथेच संपायचे. पण निघता निघता भाऊसाहेबांनी सहज विचारले, "हे सगळ्याच लहान कुत्र्यांना होतं का हो?"

"छे. काही जातींत जास्त. खरं तर पिल्लू असतानाच सगळ्यांची एकदा चाचणी करावी का, हा एक प्रश्नच आहे. मतं दोन आहेत."

प्रश्न हा शब्द ऐकला आणि भाऊसाहेबांनी कान टवकारले. बटणचेही कान इतके ताठ कधी झाले नव्हते. एखादी गोष्ट नुसती करायची असली तर ती कोणीही करतो. तिचा प्रश्न झाला की मात्र ती विभागाची होते. बटणच्या निमित्ताने एवढा मोठा प्रश्न आपल्या हाती लागला, तो असाच सोडून देणे त्यांच्या रक्तात नव्हते. शिवाय त्यांना खरोखरच वाटले, की आपला बटण सापडला तो बायकोच्या डोळ्यांमुळे. ज्यांच्या घरी अशी बायको नाही त्या कुत्र्यांनी काय करायचे? हा विचार चांगला होता. चांगला विचार विभागात नेऊ नये, एवढे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवे होते.

बटणला बायकोकडे सोपवून ते दवाखान्यातून थेट ऑफिसात गेले आणि टिपणी लिहायला बसले. विषय: लहान जातीच्या कुत्र्यांच्या यकृताची चाचणी करावी किंवा कसे.

बाहेरच्या माणसाला 'किंवा कसे' या दोन शब्दांचे मोल कळणार नाही. नुसते 'करावी का' असे विचारले, तर कुणीतरी हो किंवा नाही म्हणून मोकळा होण्याचा धोका असतो. 'किंवा कसे' जोडले की तो धोका टळतो. विभागाच्या तीन मजल्यांचा डोलारा याच दोन शब्दांवर उभा होता.

संचालकसाहेबांनी टिपणी वाचली आणि खूश होऊन भाऊसाहेबांना आत बोलावले. साहेब देहाने भरभक्कम होते. त्यांची खुर्ची खास करवून घेतलेली होती आणि तरी तिची कुरकुर तीन टेबलांपलीकडे ऐकू जायची.

"उत्तम प्रश्न आहे, भाऊसाहेब. समिती नेमू. पण एक बघा, विषय आपल्या विचाराधीन असताना बाहेर कुणी परस्पर चाचण्या करत सुटलं, तर आपण विचार कशाचा करायचा?"

"बरोबर आहे साहेब."

"तेव्हा निर्णय होईपर्यंत लहान कुत्र्याची ही चाचणी कुणीही करू नये. परिपत्रक काढा. तुमच्या हातचं काढा."

तुमच्या हातचे, असे कुणी म्हटले की भाऊसाहेबांचे भान सुटत असे. त्यांनी दार लोटून घेतले आणि संध्याकाळपर्यंत तो मसुदा घडवला. खाचाखोचा बुजवल्या, पळवाटा हुडकून हुडकून बंद केल्या. कोणत्याही दवाखान्यास, कोणत्याही कारणास्तव, अगदी मालकाने गयावया केली तरी, असे सगळे त्यात घातले. सही झाली, शिक्का बसला, शहरभर रवाना झाले. घरी जाताना ते शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी बटणला काखेत धरून ते दवाखान्यात गेले, तर डॉक्टरबाईंनी टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"चाचणी करता येणार नाही. हे काल आलंय. सही साहेबांची आहे, पण लिहिणारा हात तुमचा दिसतो. 'तूर्तास' तीनदा आलंय."

"चारदा," भाऊसाहेब म्हणाले. सवयीने म्हणाले, आणि मग त्यांची नजर काखेतल्या बटणवर गेली. "चौथं तळटिपेत आहे."

"यातून काही वाट निघते का, ते मी रात्री बसून शोधलं. नाही निघत. फार नीट लिहिलंय तुम्ही."

इतकी मनापासून दाद भाऊसाहेबांच्या लिखाणाला आजवर मिळाली नव्हती, आणि ती त्यांच्या घशाखाली उतरेना. घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि भांडे आपटायचेसुद्धा विसरून ती समोर बसली.

"तुम्हीच लिहिलंत?"

"मी फक्त मसुदा केला."

"मग फक्त खोडा."

"मसुदा खोडता येतो गं. परिपत्रक खोडता येत नाही. समितीचा निर्णय झाला की ते आपोआप जाईल."

"आणि तोवर हा?"

बटण तेव्हा कपाटाला डोके लावून उभा होता. आता त्यात भाऊसाहेबांना ऑफिस दिसेना. त्यांनी ठरवले, की काय वाटेल ते झाले तरी ही समिती पळवायची.

समिती पळवायची म्हणजे काय, याचा विभागाला अनुभव नव्हता. पहिल्या बैठकीला दोन तज्ज्ञ आले. एक सडपातळ, चाचणी झालीच पाहिजे म्हणणारे. दुसरे गोल चेहऱ्याचे, मुळीच होता कामा नये म्हणणारे. चहा देणाऱ्यांनी त्यांची नावे होकारी आणि नकारी अशी पाडली होती, कारण कुणाला बिनसाखरेचा लागतो ते लक्षात ठेवायला सोपे जात होते.

होकारी म्हणाले, "आजार उशिरा कळला तर कुत्रा हातचा जातो. आधी कळला तर वाचतो. एवढंच माझं म्हणणं आहे." सचिव म्हणून बसलेल्या भाऊसाहेबांनी जोरात मान हलवली.

नकारी म्हणाले, "सरसकट सगळ्यांची चाचणी केलीत तर धडधाकट कुत्र्याचाही आकडा कधीकधी जरा वर येतो. मग आणखी चाचण्या, भूल, टोचाटोची, आणि मालकाची झोप जाते ती वेगळीच. ज्याला लक्षणं दिसतायत त्याची करा, बाकीच्यांना कशाला?" हेही अगदी खरे होते. भाऊसाहेबांनी पुन्हा मान हलवली. दोघेही शहाणे होते आणि दहा मिनिटे आणखी बोलू दिले असते तर कदाचित एकमत होऊन गेले असते. तो धोका ओळखून संचालकसाहेबांनी हस्तक्षेप केला.

"दोघांचाही मान राखू. चाचणी करावी, निकाल पाहू नये."

एवढा तोल साधलेला तोडगा पुष्कळ दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

भाऊसाहेबांनी धीर करून तोंड उघडले. "साहेब, पण एखादा कुत्रा खरंच आजारी असला तर?"

"तर ते निकालात येईलच की."

"पण निकाल पाहायचा नाही ना?"

"म्हणूनच पाहायचा नाही, भाऊसाहेब. पाहिला की काहीतरी करावं लागतं."

यानंतर लहान म्हणजे किती, हा मुद्दा निघाला. वजनावर जावे तर कुत्रा जेवला की वजन बदलते. उंचीवर जावे तर तो बसला की काय करायचे? शेवटी मांडीवर मावतो तो लहान, यावर सगळे खूश झाले. मग मांडी कुणाची, हे आले. समितीने इकडेतिकडे पाहिले, आणि अध्यक्षांची, म्हणजे संचालकसाहेबांची, मांडी प्रमाण मानण्याचे ठरले. अध्यक्षांना डावलून दुसऱ्याची मांडी सुचवणार कोण? त्या मांडीच्या हिशेबाने शहरातले बहुतेक सगळे कुत्रे लहान ठरले. गोदामांवर राखणीला असतात ते वासराएवढे कुत्रेसुद्धा. परिपत्रकाच्या बंदीत आता तेही आले.

दुसऱ्या बैठकीला भाषा अधिकारी हजर झाले. प्रत्येक निर्णय लोकांच्या भाषेत हवा, असा नियम होता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे त्यांचे काम होते. त्यांनी टिपणी वाचताच यकृत या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

"हे सामान्य माणसाला कळणार नाही. लोकं काय म्हणतात? काळीज म्हणतात. खाटकाच्या दुकानात जाऊन कुणी यकृत मागतं का?"

"पण काळीज म्हटलं की लोकांच्या मनात दुसरंच येतं," होकारी म्हणाले.

"मनात येतं, तिथेच ते असतं असं लोक समजतात," भाषा अधिकारी म्हणाले. "आपण लोकांसाठी आहोत."

शब्द बदलला. सगळीकडे बदलला. आणि पुढच्या सोमवारी वर्तमानपत्रांत बातमी आली, की लहान कुत्र्यांना काळीज आहे की नाही हे विभाग तपासणार.

मंगळवारी विभागाच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात कुत्रा, आणि कुत्र्यांपेक्षा मालकांचे भुंकणे मोठे. शिष्टमंडळाच्या पुढे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पिशवीतून एक बारके तोंड बाहेर डोकावत होते.

"माझ्या सोन्याला काळीज आहे की नाही, हे तुम्ही ठरवणार? उलट्या काळजाची माणसं तुम्ही."

"बाई, प्रश्न फक्त चाचणीचा आहे," संचालक म्हणाले.

"कसली चाचणी? अहो, हा माझ्या काळजाचा तुकडा आहे."

भाषा अधिकाऱ्यांनी लगेच टिपून घेतले: श्वान हा तुकडा असल्यास मूळ काळीज मालकाकडे असणार, तरी चाचणी दोहोंपैकी कोणाची करावी किंवा कसे.

"आणि काळीज काय रक्त काढून कळतं?" बाईंचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. "ते वागण्यातून कळतं."

हे वाक्य संचालकसाहेबांना लागले. इतक्या वर्षांत विभागात एवढे उदात्त काही बोलले गेले नव्हते, आणि शिवाय यात सुया, नळ्या, प्रयोगशाळा असले काही नव्हते. त्याच दिवशी रक्ताची चाचणी रद्द होऊन वागण्याची चाचणी ठरली. मालकाने श्वानासमोर बसून मनापासून रडावे. श्वानाने दखल घेतल्यास काळीज आहे असे समजावे. चाचणी एकदा उपाशी पोटी व एकदा जेवणानंतर घ्यावी, कारण मूळ टिपणीत तसे म्हटले होते आणि मूळ टिपणीला हात लावणे कुणाला प्रशस्त वाटले नाही.

नमुन्यादाखल एक चाचणी समितीसमोर व्हायला हवी होती. कुत्रा कुणाचा, असे विचारताच भाऊसाहेबांनी हात वर केला.

त्यांचा हिशेब साधा होता. नमुना झाला की निर्णय होणार, निर्णय झाला की बंदी उठणार. आणि बटणकडे आता बघवत नव्हते. उंबऱ्यावरून उतरताना त्याचा तोल जाई. पाठीची हाडे हाताला लागत. बेल वाजली तर तो मान वर करी आणि भुंकायचे विसरून पुन्हा खाली घाली. बायकोने एकदा हाक मारली तेव्हा तो तिच्याकडे बघत राहिला, रस्त्यात अनोळखी बाईकडे बघावे तसा. त्यानंतर ती भाऊसाहेबांशी कामापुरतेच बोलत होती.

नमुन्याच्या दिवशी ती बटणला घेऊन आली आणि सभागृहात भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली. बटणला गुळगुळीत टेबलावर ठेवले. त्याचे पाय सरकत होते. भाऊसाहेब समोर बसले. त्यांना रात्रभर एकच काळजी होती, की समितीसमोर हुकमी रडू येणार कसे. पण बटणने सरकते पाय सावरत त्यांच्याकडे पाहिले, शेपूट जरा हलवली, आणि भाऊसाहेबांना एकदम आठवले की यातून वाट निघत नाही, फार नीट लिहिलंय तुम्ही. ते ढसाढसा रडले. चार अधिकाऱ्यांसमोर, नाक पुसायचे भान न ठेवता रडले. बटण धडपडत टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि त्याने त्यांची हनुवटी चाटली, गाल चाटले, चष्मा चाटला. होकारींनी रुमाल काढला. नकारींनी खिडकीबाहेर पाहिले.

"काळीज आढळले," संचालकसाहेब म्हणाले. "आता जेवून घेऊ."

सभागृहाच्या मागच्या खोलीत जेवण मांडले होते. बैठकीचे जेवण असते तसेच सढळ होते. नकारींनी एक शास्त्रीय मुद्दा काढला, की निष्कर्ष पक्का हवा असेल तर आहार समान पाहिजे. कुत्र्याला आणि मालकाला एकच जेवण द्यावे. लगेच बशीत मांसाचे तुकडे आणि उकडलेली अंडी आली.

"अहो," बायको हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"एकदाच," भाऊसाहेब तितक्याच हळू म्हणाले. "आज निर्णय होऊन जातोय. एवढ्यासाठी अडवायचं का?"

"तुम्ही नाही म्हणू शकता."

"नियमात बसायला हवं ना."

तिने बशीकडे हात नेला, पण भाषा अधिकाऱ्यांनी ती आधीच खाली ठेवली होती. बटणला कित्येक दिवसांत असे काही मिळाले नव्हते. त्याने बशी चाटून पुसून लख्ख केली. भाऊसाहेबांनीही व्यवस्थित जेवण केले. सकाळच्या रडण्याने त्यांना कडकडून भूक लागली होती, आणि मन मोकळे झाले होते. गोडाला ते दुसऱ्यांदाही नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या चाचणीला सगळे जरा उशिराच स्थिरावले. भाऊसाहेब पुन्हा बटणसमोर बसले आणि रडू येण्याची वाट पाहू लागले. ते येईना. त्यांनी सकाळचे सगळे आठवून पाहिले. सगळे नीट आठवले, पण लांबून कुणी सांगितल्यासारखे. डोळे मिटू लागले. बटणही त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याला खाली ठेवल्यावर तो एका बाजूला झुकत गोल फिरला, पुन्हा फिरला, आणि भिंतीशी जाऊन डोके टेकवून उभा राहिला. तोंडातून लाळ गळत होती.

संचालकसाहेबांनी सांगितले, "लिहा. जेवणाआधी काळीज आढळले. जेवणानंतर आढळले नाही."

"कोणाचं?" भाषा अधिकाऱ्यांनी विचारले. "वाक्यात कर्ता नाही."

"इतिवृत्तात कर्ता लिहायची पद्धत नाही," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतले.

"म्हणजे हा आजारच की," होकारी म्हणाले, पण त्यांचाही आवाज जडावला होता.

संचालकसाहेबांनी जांभई दिली आणि खुर्ची कुरकुरली. "मला एक सांगा, जेवल्यावर ते आढळतं कुणाचं? तुमचं आत्ता आढळेल? सकाळी मलासुद्धा गलबलून आलं होतं. आत्ता विचाराल तर मला फक्त उशी हवीये." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःच्या आत डोकावून पाहिले, आणि कुणाचेच काही म्हणणे नव्हते. "मग जे सगळ्यांचंच होतं त्याला आजार कसं म्हणायचं? लिहा: पोट भरल्यावर काळीज न आढळणे ही निरोगी जीवाची सामान्य अवस्था असल्यामुळे चाचणीची आवश्यकता नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, जेवणानंतर वाजतात तेवढ्या. भिंतीशी बटणचे मागचे पाय दुमडले आणि तो हळूच कुशीवर आला.

बायको उठली. तिने त्याला पदरात गुंडाळून उचलले आणि भाऊसाहेबांसमोर उभी राहिली. "चला."

"तू हो पुढे," भाऊसाहेब म्हणाले. "बंदी उठलीच आहे आता, डॉक्टर काही अडवायच्या नाहीत. एवढं इतिवृत्त पुरं करतो आणि आलोच."

ती बटणला घेऊन निघून गेली. भाऊसाहेबांना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले, पण नक्की काय ते सुचेना, आणि इतिवृत्त समोर होते. ते त्यांनी मन लावून लिहिले. एकही पळवाट राहिली नाही.

संध्याकाळी, सुस्ती उतरता उतरता, त्यांच्या छातीत एकदम धस्स झाले. ते धावतच दवाखान्यात गेले. हातात सहीशिक्क्याची प्रत होती. बायको बाहेर बाकावर बसली होती, पदर लाळेने ओला झालेला.

"बंदी उठली," ते धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे धरला. "हे डॉक्टरांना दाखवायचं."

"त्यांनी विचारलंच नाही," बायको म्हणाली. "मी दारातून आत गेले, त्यांनी याला बघितलं आणि सरळ आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, त्या दिवशीच याला आत घ्यायला हवं होतं मी."

भाऊसाहेब कागदाची घडी घालून तिच्या शेजारी बसले. तिने त्यांना जागा दिली, पण त्यांच्याकडे पाहिले नाही.

समितीचा अहवाल पुढे छापून निघाला आणि लोकांना अतिशय आवडला. मांडीचा परिच्छेद तर लोक एकमेकांना वाचून दाखवत. निकाल पाहू नये, यावर जिथे तिथे हशा पिकला. भाऊसाहेबांना लोक रस्त्यात थांबवून पाठीवर थाप मारत आणि विचारत, काय हो, साहेबांची मांडी खरंच एवढी आहे का? ते आहे म्हणत आणि जरा वेळ तिथेच उभे राहत. पुढचे कुणी विचारले तर सांगायला ते तयार होते: शीर सापडली, बांधली. आठवडाभर काही खरे नव्हते. आता पिचकारीने का होईना, चार घास पोटात जातात. डोळा एक नीट दिसत नाही, तो बहुधा तसाच राहील. बटण लवकर आला असता तर तो तसा राहिला नसता. पण काल बेल वाजली तेव्हा तो भुंकला. एकदाच, आणि बायको मला हसून म्हणाली, ऐकलंत का. एवढे सगळे त्यांच्या ओठांवर असे. पण कुत्र्याचे काय झाले, हे कुणीच विचारत नसे, आणि मांडीवर हसून झाले की लोक आपापल्या वाटेने जात.

तुम्हीही मांडीपाशी हसलात, त्यात काही गैर नाही. ती हसण्यासारखीच होती. मात्र हसता हसता मधेच कुठे बटणचे काय झाले असेल असे वाटून मन चुकचुकले असेल, तर अजून तुमचे जेवण व्हायचे दिसते. जेवून घ्या. बरे वाटेल.